बिबट्याचा फोटो मिळाला. गावाला कोण सांगणार?

समोर काही ऊबदार हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्याचं पहिलं कार्ड आम्ही सकाळी बांधावरच लॅपटॉपला लावलं. आठवडाभराचे साडेचारशे फोटो निघाले. त्यातले तीनशेच्या वर घाणेरीच्या फांदीचे. ऊन लागून फांदी तापते, वाऱ्याने हलते आणि प्रत्येक हेलकाव्याला एक फोटो निघतो. उरलेल्यांत शेळ्या, एका मोटारसायकलचा दिवा, रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, आणि शाळा सुटल्यावर कॅमेऱ्यापुढे वाकून जीभ काढणारी तीन पोरं. शेवटून चौथा फोटो आदल्याच रात्रीचा होता, २ वाजून १४ मिनिटांचा. त्यात एक शेपूट होतं. बाकीचा बिबट्या चौकटीतून निघून गेला होता.

कॅमेऱ्याची जागा सुचवणारे मामा वनखात्यात रोजंदारीवर वनमजूर होते. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "शेपटावरनं काय सांगू? या, वाटंवर बघू." पाटाच्या कडेला मऊ फुफाटा होता. मला उन्हाकडे तोंड करून उकिडवं बसायला लावलं, कारण उन्हं तिरपी असताना ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे आला की कडांची सावली उठून दिसते. चार बोटं, नखं नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. ठसा रुंद कमी, लांबट जास्त, म्हणून मामांच्या मते मादी. इथवर पुस्तकातही असतं. मग त्यांनी बोटाने धूळ दाखवली. दवाने वाटेवरची धूळ आळून तिच्यावर पातळ पापुद्रा धरला होता. एका बाजूला जाणाऱ्या ठशांवर तो पापुद्रा तसाच होता. उलट दिशेच्या ठशांनी तो मोडला होता. म्हणजे मध्यरात्री गेलेली मादी दव पडल्यावर परत आली होती, आणि परतताना तिच्या ठशांच्या आजूबाजूला छोटे ठसे होते, कधी वाटेवर, कधी बांधावर, कधी आईच्याच ठशावर. परतीला ती पाटाच्या पलीकडून गेली, म्हणून कॅमेऱ्याला पत्ता नाही. पिल्लं कुठल्या फडात असतील हेही मामांनी हात करून सांगितलं. त्या फडाची तोड पंधरा दिवसांवर आली होती.

कॅमेऱ्याने मला वेळ दिली आणि शेपूट दिलं. ती मादी काय करत होती आणि पंधरा दिवसांनी त्या फडात काय होऊ शकतं, ते मामांनी सांगितलं. ही माहिती उपयोगाची होती, पण ती कुणाला सांगायची, कुठे नोंदवायची, याची काही सोयच नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यात ट्रॅप कॅमेरे जितक्या हौसेने घेतले जातात, तितक्याच आस्थेने दोन गोष्टी उभ्या राहायला हव्यात: जमिनीवरच्या खुणा वाचणारी पगारी माणसं, आणि कॅमेऱ्याने पाहिलेलं त्या गावापर्यंत पोचवण्याची सक्तीची व्यवस्था. नाहीतर आपण जनावरं मोजत राहू आणि माणसं व जनावरं दोन्ही मरत राहतील.

कॅमेऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या आधी काय होतं ते आठवलं तर तो राग धरताच येत नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तीन दशकं आपण पंजाच्या ठशांवरून वाघ मोजले. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा, आणि प्रत्येक ठसा वेगळ्या वाघाचा की एकाचाच हे नजरेने ठरवायचं. एकच वाघ चिखलात एक ठसा उमटवतो आणि कोरड्या धुळीत दुसराच. अभयारण्याचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी दाखवायची हिंमत कुठल्या कर्मचाऱ्याला होणार? राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली कागदावर सोळा ते अठरा वाघ होते. त्याच हिवाळ्यात वाघ दिसेनासे झाल्याची ओरड झाली, शोध घेतला, तर एकही नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. त्यानंतर ठशांवरची गणना बाद झाली आणि २००६ पासून कॅमेरे व नमुना-पद्धतीचं संख्याशास्त्र आलं. ही पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत रुजवलेली होती. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके म्हणजे माणसाच्या बोटांचे ठसेच, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. डाव्या कुशीचं नक्षीकाम उजव्या कुशीला नसतं, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात, गुडघ्याच्या उंचीवर.

पण सरिस्काचा धडा आपण अर्धाच घेतला. तिथे खोटे पडले ते ठसे की रजिस्टर? माग काढणाऱ्या माणसाला विचारलं असतं की बाबा, या नाल्यात वाघ शेवटचा कधी चालला, तर त्याने सांगितलंच असतं. त्याला तो प्रश्न विचारलाच नाही. त्याच्याकडून आकडा मागितला, जो देणं त्या विद्येचं कामच नव्हतं. आकडा चुकला तेव्हा आपण त्या विद्येलाच अडाणी ठरवून कोपऱ्यात बसवलं. कॅमेरा आला आणि माग काढणारा माणूस कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलणारा झाला.

दुसरं टोकही पाहा. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. दोन्ही मिळून शंभरात अर्धासुद्धा नाही. बाकीच्यांत चितळ, सांबर, रानडुकरं, तरस, अस्वलं, गुरं आणि माणसं. एका अर्थाने देशातल्या जंगलाच्या रोजच्या जगण्याची एवढी मोठी रोजनिशी त्याआधी कुणी लिहिलेली नव्हती. आपण त्यातून वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी एक आकडा काढला, देशात २,९६७ वाघ, आणि वही मिटली. (पुढची गणना येईपर्यंत हाच आकडा पाठ करून मुलं स्पर्धा परीक्षा देत. सांबर किती वाजता पाण्यावर येतं हे विचारणारा पेपर अजून निघायचा आहे.)

पाण्यावरून आठवलं. वैशाख पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची आपल्याकडे जुनी रीत आहे. शास्त्रीय गणना म्हणून तिला आता कुणी धरत नाही, आणि ते बरोबरच आहे, एकच रानडुक्कर तीनदा पाण्यावर आलं तर तीन डुकरं होतात. पण चांदण्यात सात तास हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल बंद. भेकर पाण्यापाशी येऊन पाऊण तास नुसतं उभं राहतं, पीत नाही, आणि का पीत नाही हे शोधायला आपण सगळा अंधार कानांनी चाळतो. ती सवय कॅमेरा देत नाही, ती बसूनच लागते.

आता कॅमेऱ्याने आपले डोळे खरोखर उघडले ते उदाहरण. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांच्या पायवाटांवर कॅमेरे लावले. तिथे जंगल नाही, ऊस आहे, टोमॅटो आहे, वस्त्या आहेत, आणि एका चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा प्रौढ बिबटे, पाच नर आणि सहा माद्या. शंभर चौरस किलोमीटरला ४.८, म्हणजे चांगल्या राखीव जंगलाला शोभावं असं प्रमाण. तरसही जवळजवळ तेवढेच. विष्ठेच्या अभ्यासातून त्यांचं जेवणही कळलं. भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांचा ११, जरी त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. जंगलातून भरकटून आलेले पाहुणे असे राहत नाहीत. हे तिथलेच रहिवासी होते, पिढ्या काढलेले.

हे कळण्याआधी आपण काय करत होतो? जुन्नर विभागात २००१ पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायची मोहीम झाली. त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरावर गेले. पकडलेलं जनावर परक्या मुलखात जातं, तिथल्या नराशी भांडतं, घराच्या दिशेने निघतं. घराकडे निघणं किती लांबचं असू शकतं ते ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवलं. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा म्हातारा नर बाहेर काढला, गळ्यात कॉलर घातली, माळशेजच्या रानात सोडला. तो महामार्ग ओलांडत, रेल्वेच्या अंगाने, खाडी पोहून मुंबईच्या दाराशी, संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. सुमारे सव्वाशे किलोमीटर, महिनाभरात, वाटेत एकाही माणसाला न ओरबाडता. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली गेला.

पकडा-सोडा मोहिमेतला सतरा हा आकडा बिबट्याची वागणूक न पाहता घेतलेल्या निर्णयाची किंमत आहे. आज जुन्नर-शिरूर पट्ट्यात माणसं मेल्यावर गावकरी रस्त्यावर येतात आणि सगळे बिबटे उचला म्हणतात. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला संख्याशास्त्र सांगायची माझी ताकद नाही, आणि सांगूही नये. माणसावर वारंवार हल्ला करणारं जनावर हटवावंच लागेल, गोळी घालूनसुद्धा. पण ते नेमकं कुठलं हे ठरवायला ठिपके जुळवावे लागतात आणि माग काढावा लागतो. त्याशिवाय लावलेल्या पिंजऱ्यात जो सापडतो तो बहुधा जो भुकेला होता तो. दोषी तोच असेल याची खात्री कोण देणार? रिकाम्या झालेल्या जागेवर पुढच्या हंगामात दुसरा येतो, बहुधा तरुण, त्या गावच्या चालीरीती न कळणारा.

पाहण्याने धोरण बदलतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण याच उसात घडलं आहे. तोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जात आणि जन्मभर तिथेच राहत. चिडलेली आई वस्त्यांभोवती फिरत राही. मग कुणीतरी करून पाहिलं: पिल्लं तपासून, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून, संध्याकाळी त्याच जागी ठेवायची, माणसांनी मागे सरायचं, आणि क्रेटवर कॅमेरा लावायचा. त्या चित्रफिती पाहताना श्वास अडकतो. अंधारात दोन डोळे, मग बराच वेळ काही नाही. मग आई क्रेटभोवती एक फेरी मारते, पंजाने तो कलंडवते, पिल्लाची मान तोंडात धरते आणि जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. हे आता तिकडे नेहमीचं काम झालं आहे. ऊसतोडीची टोळी कोयते बाजूला ठेवून संध्याकाळपर्यंत थांबते, कारण आई येते हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. फोटो लोकांपर्यंत पोचला की काय होतं ते हे.

आणि पोचला नाही की काय होतं तेही सांगतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. त्या भागात वाघीण बछड्यांसह वावरते हे वनखात्याच्या कॅमेऱ्यांना आधीच माहीत होतं. वाघिणीने गुरं मारली होती, गुरंवाल्याचा संताप झाला होता. कॅमेऱ्यातला फोटो आणि गोठ्यातलं नुकसान या दोन गोष्टी एकाच टेबलावर वेळेत आल्या असत्या, कुणी त्याच दिवशी पंचनामा करून पैसे हातावर ठेवले असते, तर विष घालणारा हात थांबला असता की नाही, हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण आपण तेवढं करूनही पाहिलं नाही. वाघीण आहे हे माहीत असणं ही जबाबदारी असते, आणि ती जबाबदारी कार्डातच राहिली.

आता आक्षेप. माहिती गावाला दिली तर शिकाऱ्यालाही मिळते, असं वनाधिकारी म्हणतात. हा आक्षेप खरा आहे. म्हणून कॅमेऱ्याचा नेमका ठिकाणा, नकाशावरचे आकडे, वाघिणीची गुहा, हे सांगू नये. पण ‘तुमच्या मळ्याच्या शिवारात या आठवड्यात पिल्लांची मादी आहे, संध्याकाळनंतर पोरांना एकटं सोडू नका’ एवढं सांगायला कुठला नकाशा लागतो? आणि शिकारी माहितीसाठी सरकारी संगणकाची वाट पाहत नाही. जे जनावर रोज बांधावरून जातं ते गावाला माहीतच असतं. गावाला माहीत नसतं ते एवढंच की खात्यालाही ते माहीत आहे.

दुसरा आक्षेप घबराटीचा. फोटो दिले की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. ते तर फिरतच आहेत. आता प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर सीसीटीव्ही आहे, त्यात बिबट्या कुत्रं उचलताना दिसतो आणि रात्रीत तीन तालुक्यांत जातो, कधी त्याच चित्रफितीला चार गावांची नावं लावून. घबराट माहितीने होत नाही, अर्धवट माहितीने होते. ज्याच्याकडे पूर्ण माहिती आहे तो गप्प बसला की अर्धवट माहितीवाला बोलतो.

तिसरा आक्षेप वनखात्याने घेतलेला नाही, तो मी घेतो. कॅमेरा माणसांचेही फोटो काढतो. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला संशोधक त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रुक यांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. जंगलात सरपण, गवत आणायला जाणाऱ्या बायका कॅमेऱ्याच्या धाकाने गप्प झाल्या. एरवी त्या मोठ्याने बोलत, गात जात, त्याने जनावर लांब राही. एका बाईचा उघड्यावर शौचाला बसलेला फोटो कॅमेऱ्यातून निघून गावातल्या मोबाइलांवर फिरला. गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले यात नवल काय? वाघाच्या भल्यासाठी लावलेल्या यंत्राने बायकांचं गाणं बंद केलं आणि त्या वाघाला जास्त जवळ गेल्या. म्हणून ज्या वाटेवर कॅमेरा लागणार ती वाट वापरणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, आधी सांगितलं पाहिजे. माणसाचा फोटो दिसला की तो त्याच दिवशी पुसला पाहिजे, आणि न पुसणाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. माझ्या कार्डातली जीभ काढणारी पोरंसुद्धा मी पुसली. जरा जिवावर आलं, फोटो झकास होता.

त्याच कार्डात एक फोटो होता जो पुसण्याआधी मी वेळ लिहून घेतली. रात्री पावणेदोनला खांद्यावर फावडं टाकून पाणी द्यायला निघालेला शेतकरी. त्यानंतर एकोणतीस मिनिटांनी त्याच वाटेवर शेपूट. हा योगायोग नाही. उसाच्या पट्ट्यातला बिबट्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो हे प्रत्येक कॅमेरा सांगतो. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीपाळीने रात्रीची असते, म्हणून शेतकरीही तेव्हाच बाहेर असतो. दोघांची भेट विजेचं वेळापत्रक घडवून आणतं. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आहेच. मग ती आधी कुठल्या फीडरला, म्हणजे शिवारात वीज आणणाऱ्या कुठल्या वाहिनीला, मिळावी हे ठरवताना कॅमेऱ्यांतल्या वेळा समोर का ठेवू नयेत? ज्या शिवारात पिल्लांची मादी आहे त्या शिवाराला या हंगामात रात्रीचं पाणी नको, एवढं वनखात्याने वीज कंपनीला एका पत्राने कळवायचं. त्यासाठी नवं यंत्र, नवी निविदा, कृत्रिम बुद्धिमत्ता काही लागत नाही. हल्ली कॅमेऱ्यातच ती बुद्धिमत्ता बसवून बिबट्या दिसताच भोंगा वाजवायचे प्रयोग चालू आहेत, होऊ देत. पण भोंगा वाजल्यावर दार लावायचं की काठी घेऊन बाहेर पळायचं, हे आधी कुणीतरी गावात बसून सांगितलेलं असावं लागतं.

तो ‘कुणीतरी’ म्हणजे मामांसारखा माणूस. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, विदर्भात गोंड, मेळघाटात कोरकू, आणि ज्यांच्यावर शिकारीचा शिक्का मारून आपण मोकळे झालो ते फासेपारधी. माग वाचण्याची विद्या या घरांत आहे आणि ती झपाट्याने जाते आहे. कारण तिला पगार नाही. एका कॅमेऱ्याला काही हजार रुपये पडतात, त्याची निविदा निघते, नोंद होते, हरवला तर चौकशी होते. मामांची नोंद हजेरीपटावर, महिन्यातल्या जितक्या दिवसांचं काम निघेल तितकी. ते गेले तर कुणी चौकशी करणार नाही.

त्या फडाची तोड ठरल्या दिवशी सुरू झाली. मी मामांच्या सांगण्यावरून एका कार्यालयात आधी कळवलं होतं. लेखी द्या म्हणाले, दिलं, पोच मिळाली. तोडीच्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. मामा आले, सायकलवर, त्या दिवशी त्यांना काम नव्हतं. त्यांनी मुकादमाला सांगितलं की पाटाकडच्या चार सऱ्या शेवटी तोडा, आणि वारं ज्या बाजूला वाहतं तिकडून आत शिरू नका. मुकादम कुरकुरला, पण ऐकलं. दुपारी पाचटात दोन पिल्लं सापडली, डोळे उघडलेली, फिस्कारणारी. क्रेट मामांनी शेजारच्या टोमॅटोवाल्याकडून मागून आणला. कॅमेरा माझ्याकडे होता, पण त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या.